शेव वेगळी सांगा

खान्देशातल्या हॉटेलांत आणि प्रवासात काय खावं, कधी खावं, यावर आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : उधन्याहून दर दोन महिन्यांनी गाडीने जळगावला येतो. नवापूर ओलांडलं की शेवभाजीची आठवण होते. पण चारपैकी तीन ठिकाणी ताट समोर येईपर्यंत शेवेचा लगदा झालेला असतो. ढाबा निवडताना बघायचं काय? ट्रक उभे असतील तिथे थांबावं म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, उधना (सुरत)

उत्तर : ट्रक जागा बघून थांबतात. मोठं आवार, पंक्चरचं दुकान, अंघोळीला पाणी आणि टाकायला खाट, एवढं असलं की भाजी कशीही असो, रांग लागते. एसटी आणि खासगी बसच्या थांब्याचा तर पुरावाच धरू नका. तिथे चालक-वाहकाचं जेवण बहुधा फुकट असतं, पसंती त्यांची नसतेच. ढाब्यावर उतरल्यावर दोन गोष्टी बघा. भाकरी तुमच्या देखत थापली जाते का, आणि भाज्यांची पाटी किती लांब आहे. पाटीवर पनीरचे अठरा प्रकार असले की समजायचं, आत एकच लाल ग्रेव्ही आहे आणि शेवभाजीतही तीच पडणार.

आता लगद्याविषयी. शेवभाजीत दोन गोष्टी वेगवेगळ्या शिजतात आणि ताटात भेटतात. रस्सा सकाळपासून तयार असतो, त्यात गैर काही नाही, उलट मुरलेला बरा. शेव मात्र शेवटच्या मिनिटाला पडली पाहिजे. घाईच्या वेळी कढईत आधीच शेव टाकून ठेवतात आणि ती पाणी पीत बसते. म्हणून मागवतानाच सांगा, ‘रस्सा उकळता द्या, शेव वेगळी द्या.’ खान्देशात याचं कुणाला नवल वाटत नाही. पार्सल असेल तर हे सांगायलाच हवं.

दुसरं कारण शेवेतच असतं. फरसाणातली बारीक शेव इथे चालत नाही. भाजीची शेव जाड असते, तिखट आणि ओवा घातलेली, बिनसोड्याची. सोड्याने शेव हलकी आणि सच्छिद्र होते आणि रश्शात दोन मिनिटांत विरघळते. एक काडी मोडून बघा. कट्‌ असा आवाज आला आणि आत दाट पीठ दिसलं तर ठीक. भुसभुशीत चुरा झाला तर ती भाजीची शेव नव्हे.

रस्सा पारखायला चमचा पुरतो. काही ठिकाणी मिरचीपूड घातलेल्या लाल तेलाचं पातेलं वेगळं असतं आणि पातळ रश्शावर पळीभर तेल ओतून ‘तर्री’ दाखवतात. वाटी ढवळा. खऱ्या रश्शाला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा दाटपणा असतो, तेल त्यात मिसळून सावकाश वर येतं. दाखवायच्या तर्रीखाली नुसतं पाणी असतं आणि तेल लगेच फुटून बाजूला होतं.

घरी करायची असेल तर चार माणसांचं माप असं : दोन मोठे कांदे जाळावर साल काळी होईपर्यंत भाजलेले, अर्धी वाटी सुकं खोबरं, १२ लसूण पाकळ्या, बोटभर आलं, मूठभर कोथिंबीर, दीड ते दोन चमचे काळा मसाला, एक चमचा तिखट, अर्धी वाटी तेल, पाच वाट्या पाणी आणि २०० ग्रॅम शेव. वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. मंद आचेवर यालाच दहा-बारा मिनिटं जातात आणि घाई इथेच नडते. पाणी उकळतंच घाला. गार पाण्याने मसाला थिजतो, तर्री येत नाही आणि कच्चट वास राहतो. खोबरं तपकिरी झालं की उतरवा. काळं पडलं तर रस्सा कडू होतो, मग गूळ घालूनही तो कडूपणा जात नाही.

प्रश्न : मे महिन्यात जळगावला मुद्दाम भरीत खाल्लं. पुण्यात मिळतं त्याहून वेगळं काही वाटलं नाही. आम्ही हॉटेल चुकीचं निवडलं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : महिना चुकीचा निवडलात. भरीत हा थंडीचा पदार्थ आहे. ज्या वांग्यावर जळगावच्या भरिताचं नाव आहे ते बामणोद, आसोदा या पट्ट्यातलं. फिकट हिरवं, मोठं, बिया कमी आणि गर लोण्यासारखा. या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. साधारण दिवाळीनंतर ते भरात येतं आणि थंडी सरली की बिया धरू लागतात. उन्हाळ्यात बाजारात येईल ते वांगं भाजून भरीत केलं जातं. त्यात बिया दाताखाली येतात, त्याचा कडवटपणा झाकायला मिरची वाढते आणि चव हरवते.

दुसरा फरक जाळाचा. गावाकडे वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. तो जाळ झपाट्याने पेटतो, साल एकदम करपते आणि गर स्वतःच्या वाफेत शिजतो, धूर आत उतरतो. गॅसवर वांगं एका बाजूने जळतं, देठाजवळ कच्चं राहतं. मग ते भांड्यात परतून शिजवावं लागतं आणि परतलेलं भरीत ही निराळीच भाजी होते. भाजल्यावर साल काढून वांगी लाकडी भांड्यात लाकडानेच ठेचतात. मिक्सरमधून काढलेलं भरीत चिकट होतं, तारा राहत नाहीत. ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप यांची तेलात फोडणी, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो दिसला तर ते भरीत खान्देशी नाही, एवढं आम्ही ठामपणे म्हणू.

हिवाळ्यात जळगावात भरीत किलोवर विकत मिळतं. साल, देठ आणि पाणी जाऊन एक किलो वांग्याचा ६०० ते ७०० ग्रॅम गर हाती येतो, तेव्हा भाव ऐकून दचकू नका. एक किलो भरीत चार-पाच जणांना पुरतं. सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी मागा. कळणा म्हणजे ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून केलेलं दळण. साधारण चार किलो ज्वारीला एक किलो उडीद. नुसत्या ज्वारीची भाकरी ‘कळण्याची’ म्हणून पुढे आली तर तुकडा मोडल्यावर कळतं. कळण्याला उडदाचा काळसर ठिपका, किंचित चिकटपणा आणि मिठाची चव असते.

उन्हाळ्यातच यायचं असेल तर आखाजी (अक्षय्य तृतीया) साधा आणि खापरावरचे मांडे खा, सोबत आमरस. पालथ्या मातीच्या खापरावर भाजलेली ही पुरणपोळी तव्यावर येत नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

प्रश्न : वरण-बट्टी हॉटेलात खाल्ली की बट्टी बाहेरून कडक, आतून गच्च लागते. घरची मात्र चुरली जाते. असं का?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : बहुतेक वेळा ती दुपारची बट्टी संध्याकाळी पुन्हा तळलेली असते. दुसऱ्यांदा तेल पिऊन वरचा थर दगड होतो. कधी मूळचं पीठच चुकतं. बट्टीचं पीठ जाडसर हवं, दळतानाच एक किलो गव्हात शे-दीडशे ग्रॅम मका टाकलेला बरा. मोहन किलोला १०० ते १२५ ग्रॅम तेल. पोळीच्या बारीक पिठाची बट्टी चिवट होते. गोळे किंवा गुंडाळ्या वाफवल्या (वीस-पंचवीस मिनिटं), की पूर्ण गार होऊ द्यायच्या आणि मग कापायच्या. गरम कापली तर आतली वाफ निघून जाते आणि मधला भाग पिठूळ राहतो. तळायची मध्यम आचेवर.

ताटात आल्यावर अंगठ्याने दाबा. पदर सुटून चुरा झाला तर वरण ओता. नुसता खळगा पडला तर परत पाठवा. बऱ्याच खानावळी बट्टी रविवारी दुपारी नाहीतर आगाऊ सांगितल्यावरच करतात, आणि तेच चांगलं लक्षण. रोज, दोन्ही वेळ, कधीही बट्टी मिळते तिथे मिळते ती शिळीच. सोबत घोटलेली वांग्याची भाजी असेल तर ती घ्या, पनीर नको.

प्रश्न : साध्या खानावळीच्या कच्च्या बिलावर ५ टक्के जीएसटी लावला. क्रमांक कुठेच नव्हता. द्यायचा का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. बिलावर १५ अक्षर-अंकी जीएसटी क्रमांक नसेल तर कर मागता येत नाही. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. लहान हॉटेलं बऱ्याचदा कंपोझिशन योजनेत असतात. त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नसतो. ‘सर्व्हिस चार्ज’ हा कर नव्हेच. तो बिलात आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ‘रस्सा रिपीट’चे पैसे मात्र हॉटेल घेऊ शकतं, म्हणून बसतानाच विचारा.

प्रश्न : मुलगी दिल्लीला शिकते. भुसावळहून अठरा-वीस तासांचा प्रवास. डब्यात काय द्यावं म्हणजे आंबणार नाही? उन्हाळा आहे.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : दशमी. त्यासाठीच ती जन्माला आली. दोन वाट्या कणीक, मीठ, दोन चमचे तेल, आणि भिजवायला फक्त दूध, साधारण पाऊण वाटी. पाण्याचा थेंब नको. दोन्ही बाजूंनी नीट शेकून, जाळीवर किंवा कापडावर पूर्ण गार करून मगच डब्यात ठेवा. गरम दशम्यांवर झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं आणि दुसऱ्या दिवशी बुरशी येते. बिघडतं ते बहुधा इथेच. साधी दशमी उन्हाळ्यातही दोन दिवस टिकते. मेथीची पहिल्या दिवशीच संपवायला सांगा, कारण पाल्यात ओल असते.

सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, किंवा तेलात चांगला परतलेला मिरचीचा ठेचा, त्यात कोथिंबीर नको. भरीत, कांदा घातलेलं काहीही, दहीभात हे पहिल्या चार तासांचे पदार्थ, त्यापुढे देऊ नका. केळी घरच्या वाटेवरचीच, पण पिवळीधमक नकोत. देठाशी हिरवट असलेली घ्या आणि कागदात किंवा कापडी पिशवीत द्या. प्लास्टिकमध्ये गाठ मारली की रात्रीतून काळी पडतात.

दुसऱ्या जेवणासाठी रेल्वेची ई-केटरिंग सोय वापरता येते. तिकिटाचा पीएनआर देऊन पुढच्या मोठ्या स्थानकावर जागेवर जेवण मिळतं, फोन १३२३. गाडी उशिरा धावत असेल तर मागवताना बघून घ्या. दोन तास उशिराचं पार्सल दोन तास फलाटावर पडलेलं असू शकतं. तक्रार असेल तर १३९.

प्रश्न : लग्नासाठी तीन दिवस धुळ्यात आहोत. सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि आम्लपित्ताचे सासरे. खान्देशात त्यांना खायला काय मिळेल?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तिखट रश्शात पाणी ओतू नका. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही. चमच्याने वरची तर्री काढून टाका, खालचा रस्सा निम्म्याने सौम्य होतो. जीभ पोळली तर दही, दूध किंवा तूप. लिंबू पिळल्याने चव बदलते, आग नाही. मागवताना ‘कमी तिखट’पेक्षा ‘फिकं’ म्हणा, ते लवकर समजतं.

मुलासाठी फुनके-कढी शोधा. भिजवलेली तूरडाळ जाडसर वाटून मुठीचे गोळे वाफवतात, ते कुस्करून कढीबरोबर खायचे. पण त्यात मिरची वाटणातच पडते, नंतर कमी करता येत नाही. म्हणून सकाळीच सांगून ठेवा. नाहीतर खिचडी-कढी आणि भाजलेले बिबडे (ज्वारीचे पापड). सासऱ्यांना साधं वरण, तूप आणि ज्वारीची भाकरी कुठल्याही खानावळीत मिळते. कळण्याची भाकरी त्यांना रात्री नको, उडीद जड असतो. रात्री साडेदहानंतर ढाब्यावर भाकरी मागितली तर बहुतेक संध्याकाळची गरम करून मिळते, तेव्हा खिचडीच बरी.

लग्नाच्या पंगतीत उशिरा बसणार असाल तर वाफ येतेय ते घ्या आणि कोमट भात, मठ्ठा, कापलेलं कलिंगड सोडा. उन्हाळ्यात शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त कोमट राहिलं की त्यात जंतू वाढतात, काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ओआरएसची दोन पाकिटं जवळ ठेवा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम पूर्ण घालायचं, अर्धं-अर्धं अंदाजाने नाही, आणि तयार केलेलं २४ तासांत संपवायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मुलाला दर दोन-तीन मिनिटांनी चमचा-चमचा पाजा, ग्लास तोंडाला लावला की उलटून पडतं. ताप आला, शौचात रक्त दिसलं किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर लग्न सोडून डॉक्टर गाठा.