बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) आठ दिवस खात नाही, नुसता झोपतो. त्याला उठवू का?

तुम्ही लिहिलंय की ड्रॅगन दोन वर्षांचा आहे, थंड कोपऱ्यात पडून असतो, उचलला की डोळे उघडून पुन्हा मिटतो. हे ब्रुमेशन, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांची हिवाळी सुस्ती, असू शकतं. पण आजारी ड्रॅगनही असाच पडून राहतो. म्हणून आधी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवा आणि विष्ठा तपासून घ्या. जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) असतील तर झोपेत ते त्याला पोखरतात.

माझ्याकडून पहिल्या हिवाळ्यात मोठी चूक झाली. खात नाही म्हणून जीव कासावीस झाला आणि मी माझ्या ड्रॅगनच्या तोंडात बळेच किडे घातले. दुसऱ्या दिवशी त्याने सगळं ओकलं. या प्राण्याला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते. अंग गार असेल तर पोटातलं अन्न पचत नाही, तिथेच सडतं. उपाशी झोपण्यापेक्षा भरल्या पोटी झोपणं जास्त घातक आहे. त्यामुळे आता खायला देऊ नका, पण दिवे लगेच बंदही करू नका. दिवसा बास्किंगची, म्हणजे दिव्याखाली अंग शेकण्याची, जागा ३८ ते ४० अंशांवर ठेवा आणि शी होऊन पोट रिकामं होऊ द्या. याला एक-दोन आठवडे लागू शकतात. मगच दिव्यांचे तास हळूहळू कमी करा.

त्यानंतर त्याला शांत अंधार द्या. पाण्याची वाटी मात्र जवळ असू दे. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. माझ्या मते या वहीइतका भरवशाचा साथीदार नाही. निरोगी ड्रॅगनचं वजन झोपेत फारसं हलत नाही. ४०० ग्रॅमचा ३६० वर आला, डोळे खोल गेले, तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला किंवा पातळ, घाण वासाची शी झाली, तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या.

वर्षाच्या आतलं पिल्लू असतं तर मी झोपूच देऊ नका म्हटलं असतं. त्याच्या अंगात तेवढा साठा नसतो. तुमच्याकडचा मोठा आहे. काही आठवडे झोपेल, कधी तीन महिनेही.

मध्येच उठून फिरला तर पाणी पाजा, खाणं नको. कायमचा जागा झाला की ऊब आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा पूर्ववत करा, कोमट पाण्यात त्याच्या कोपरापर्यंत बसवा. दोन-तीन दिवस नीट ऊन शेकलं की थोडंसंच खायला द्या.