वाळवंटातील लढाई : वाटेची, पाण्याची आणि पेट्रोलची

दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमध्ये झालेल्या एल् अलामीनच्या लढाईवर या सदरात लिहिल्यानंतर मुंबई आणि उपनगरांतील वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यांतील काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : वाळवंटात नद्या नाहीत, जंगले नाहीत, दाट वस्ती नाही. म्हणजे रणगाड्यांना हवे तिकडे जाता येते. मग रोमेलसारखा चपळ जर्मन सेनापती एल् अलामीनच्या अरुंद पट्ट्यात का अडकला? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : ‘हवे तिकडे जाता येते’ ही समजूत अर्धीच खरी आहे. रणगाडा जाऊ शकतो. परंतु त्याच्यामागून पेट्रोल, तोफगोळे, पाणी आणि शिधा घेऊन येणारा ट्रक फार काळ तसा जाऊ शकत नाही. उत्तर आफ्रिकेत १९४० ते १९४३ या काळात जी युद्धे झाली, ती नकाशावर पाहिली तर जवळपास सगळी समुद्रकिनाऱ्याला चिकटलेली दिसतात. लिबियात इटालियनांनी बांधलेला किनारपट्टीचा एकच पक्का रस्ता होता आणि त्रिपोली, बेंगाझी, तोब्रुक अशी मोजकीच बंदरे होती. फौजा दक्षिणेकडून वळसा घालून शत्रूच्या बगलेवर येत, हे खरे. पण दोन-चार दिवसांत त्यांना पुन्हा रस्त्याशी आणि बंदराशी नाते जोडावेच लागे. तोब्रुकसाठी १९४१ मध्ये महिनोन्महिने वेढा पडला तो याच कारणाने.

रोमेल फेब्रुवारी १९४१ मध्ये त्रिपोलीला उतरला आणि जुलै १९४२ च्या प्रारंभी एल् अलामीनसमोर पोहोचला. त्रिपोलीपासून हे अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणजे मुंबई-दिल्ली अंतराच्या सुमारे दीडपट. पेट्रोल वाहून नेणारे ट्रक स्वतःच पेट्रोल पितात, आणि इतक्या लांबच्या वाटेवर बंदरात उतरलेल्या इंधनाचा मोठा वाटा आघाडीला पोहोचण्यापूर्वीच खर्च होतो. त्यातच माल्टा बेटावरून निघणारी ब्रिटिश विमाने आणि पाणबुड्या इटलीहून येणारी जहाजे बुडवत होत्या. याउलट ब्रिटिशांच्या पाठीशी अलेक्झांड्रिया अवघ्या शंभर किलोमीटरांवर होते. जो जितका पुढे जाईल तितका तो दुबळा होत जाईल आणि मागे हटणारा आपल्या कोठारांजवळ येऊन बळकट होईल, हा त्या संपूर्ण मोहिमेचा नियमच होता. डिसेंबर १९४० मध्ये इटालियनांना पिटाळत गेलेल्या ब्रिटिशांनाही पुढच्या वर्षी त्याचा फटका बसला.

एल् अलामीनची जागा आणखी एका कारणाने वेगळी होती. तिच्या उत्तरेला समुद्र आणि दक्षिणेला सुमारे साठ किलोमीटरांवर कत्ताराचा खोलगट प्रदेश आहे. हा प्रदेश समुद्रसपाटीपेक्षा खाली असून तेथील क्षारयुक्त दलदल आणि भुसभुशीत वाळू यांतून अवजड वाहनांच्या फौजेला जाता येत नाही. त्यामुळे वळसा घालण्याचे रोमेलचे आवडते तंत्र येथे चालेना. ऑगस्टच्या अखेरीस त्याने आलम हल्फाच्या टेकडीकडे जो अखेरचा प्रयत्न केला, तो सुरुंगांनी, विमानहल्ल्यांनी आणि पेट्रोलच्या टंचाईने फसला. २३ ऑक्टोबरला ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरीने हल्ला चढवला, तेव्हा या ‘मोकळ्या’ वाळवंटातील लढाई सुरुंगांच्या पट्ट्यांतून हातभर वाट काढण्याची लढाई झाली होती.

येथे एका साध्या वस्तूचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. जर्मनांकडे पेट्रोलसाठी दाबाच्या पत्र्याचे वीस लिटरचे मजबूत डबे होते, तर ब्रिटिशांचे डबे पातळ पत्र्याचे असल्याने प्रवासात फुटत आणि पुष्कळ पेट्रोल वाळूत जिरून जाई. ब्रिटिशांनी अखेर जर्मन डब्याचीच नक्कल केली. आपल्याकडे ‘जेरीकॅन’ म्हणून ओळखला जातो तो हाच डबा. सेनापतींच्या चरित्रांत त्याला जागा मिळत नाही. माझ्या मते मिळायला हवी.

प्रश्न : जेथे खुणेचे झाडही नाही, तेथे सैनिक दिशा कशी ओळखत? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, माटुंगा)

उत्तर : लोखंडी वाहनात चुंबकीय होकायंत्राची सुई भरकटते, म्हणून प्रत्येक वेळी उतरून आणि वाहनापासून दूर जाऊन दिशा पाहावी लागते. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने युद्धापूर्वी हौसेने लिबियाच्या वाळवंटात मोटारींतून भटकंती केली होती, आणि त्या काळात त्याने सौर होकायंत्राला उपयुक्त रूप दिले. अंश कोरलेल्या आडव्या तबकडीच्या मधोमध उभी काडी असते, वेळेनुसार तबकडी फिरवून काडीची सावली ठरावीक अंशावर ठेवली की चालत्या गाडीतही दिशा कळते. रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन मुक्कामाची जागा निश्चित केली जाई. बॅगनॉल्डने रेडिएटरमधून उकळून बाहेर पडणारी वाफ एका डब्यात नेऊन तिचे पाणी पुन्हा वापरण्याची सोयही केली. जेथे माणसी दिवसाला चार-साडेचार लिटर पाण्यात सारे भागवावे लागे, तेथे या युक्तीचे मोल फार मोठे होते. त्याच्याच पुढाकाराने १९४० मध्ये ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ ही टेहळणी तुकडी उभी राहिली. तिच्या छाप्यांच्या कथा रंगवून सांगितल्या जातात, परंतु तिचे सर्वांत मोलाचे काम मला दुसरेच वाटते. शत्रूच्या मुलखात खोलवर, किनारी रस्त्याच्या कडेला लपून, तिच्या जवानांनी १९४२ मध्ये जाणारी-येणारी प्रत्येक गाडी रात्रंदिवस मोजली.

पुढे १९९१ च्या आखाती युद्धात उपग्रहांवर चालणारी जीपीएस यंत्रे आली. इराकची पश्चिम बगल बरीचशी उघडी राहिली होती, कारण खुणा नसलेल्या त्या वाळवंटातून मोठे सैन्य येईल असे इराकी सेनापतींना वाटले नव्हते. अमेरिकी सैन्य नेमके तेथूनच आले आणि जमिनीवरील युद्ध शंभर तासांत थांबले.

प्रश्न : राजस्थानच्या सीमेवरील लोंगेवाला येथे सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांचा ताफा कसा रोखला? की ‘बॉर्डर’ चित्रपटामुळे ही लढाई मोठी झाली? (निवृत्त बँक कर्मचारी, विलेपार्ले)

उत्तर : ही लढाई खरोखरच मोठी होती. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाब पलटणीची एक कंपनी त्या ठाण्यावर होती. ठाणे सोडून मागे येण्याची मुभा असतानाही ते तेथेच राहिले, आणि हा निर्णय हेच त्या रात्रीचे सर्वांत मोठे शौर्य होय. ठाणे उंचवट्यावर होते. काटेरी तारा पाहून पुढे सुरुंग असावेत या संशयाने हल्लेखोर थबकले. आणि कडेने वळसा घालू पाहणारी वाहने मऊ वाळूत रुतू लागली. रात्र अशी निघून गेली. त्या काळच्या आपल्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता. उजाडताच ती जैसलमेरहून आली आणि उघड्यावर सापडलेल्या रणगाड्यांना आसराच उरला नाही. पाकिस्तानी ताफ्याला विमानांचे छत्र नव्हते. त्या दिवसांत पाकिस्तानने तेथे तीसहून अधिक रणगाडे गमावले.

जवान आणि वैमानिक यांच्यात श्रेय कोणाचे, हा वाद मला निष्फळ वाटतो. जवान ठाण्यावर टिकले नसते तर ताफा लोंगेवाल्याहून रामगडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागला असता, आणि विमाने आली नसती तर दिवसा ठाणे टिकणे अवघड होते. त्याच युद्धात ले. कर्नल भवानीसिंग यांच्या १० पॅरा पलटणीने जीप आणि जोंगा गाड्यांतून सिंधमधील छाछरोवर घातलेला छापा मात्र आपल्याकडे फारसा आठवला जात नाही, याचे वाईट वाटते.

प्रश्न : १९७३ मध्ये इजिप्तने इस्रायलची वाळूची भिंत पाण्याने फोडली, हे खरे काय? (वाचक, मुलुंड)

उत्तर : होय. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्शियन अभियंत्यांनी सुएझ कालव्याचेच पाणी शक्तिशाली पंपांनी उपसून त्याच्या झोतांनी वाळूच्या उंच बांधात वाटा पाडल्या आणि पूल टाकले. पुढे १४ ऑक्टोबरला विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे छत्र सोडून त्यांचे रणगाडे पुढे सरकले, तेव्हा मोठी हानी झाली. त्यानंतर इस्रायली सैन्याने कालवा ओलांडून इजिप्तच्या तिसऱ्या आर्मीला वेढले. त्या वेढलेल्या सैन्याच्या वाटाघाटींत पाणी आणि अन्न पोहोचवणारे ट्रक हाच कळीचा विषय ठरला.

प्रश्न : माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातून पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले आणि परतले नाहीत. मराठी सैनिक वाळवंटात नेमके कोठे लढले, आणि त्यांचा माग कसा काढावा? (वाचक, लालबाग)

उत्तर : आपल्या पणजोबांसारखी माणसे शेकड्यांनी गेली, आणि त्यांच्याविषयी आपण फार कमी लिहिले आहे. १९१४ च्या अखेरीस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरलेल्या फौजेचा गाभा सहावी (पुणे) डिव्हिजन होता. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. बसऱ्याहून टायग्रिस नदीच्या काठाने ही डिव्हिजन बगदादच्या अलीकडे टेसिफॉनपर्यंत गेली. तेथेही दोष वाटेचाच होता: रेल्वे नाही, रस्ता नाही, पुरेशा बोटी नाहीत, आणि सरकारची नजर मात्र बगदादवर. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला मोठी हानी सोसून फौज कूत अल् अमारा या गावी परतली आणि तुर्की सैन्याने तिला वेढले. उपासमारीने खंगलेल्या सुमारे १३ हजार सैनिकांनी २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. त्यांतील कित्येक हजार पुढच्या पायपिटीत आणि कैदेत मेले. जखमींची जी हेळसांड झाली, तिची चौकशी आयोगामार्फत झाली आणि १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ज्या इमारतीत आहे, ती त्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली जात होती. ऑक्टोबर १९१८ मध्ये मोसुलच्या वाटेवर शरकत येथे ११४ वी मराठा पलटण ज्या जिद्दीने लढली, तिचा मान रेजिमेंट आजही राखते.

दुसऱ्या महायुद्धात २/५ मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी) पलटण तोब्रुकच्या आग्नेय कडेवर होती. तेथील रणगाडाविरोधी खंदक जागोजागी वाळूने बुजला होता आणि पुष्कळ सुरुंग आधीच उपसून दुसरीकडे नेले गेले होते. २० जून १९४२ च्या पहाटे रोमेलचा मुख्य घाव याच भागावर पडला. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले आणि सुमारे ३३ हजार सैनिक युद्धकैदी झाले. या पराभवाचे खापर त्या पलटणीवर फोडता येणार नाही; बुजलेला खंदक आणि उपसलेले सुरुंग ही वरिष्ठांची जबाबदारी होती.

माग काढण्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरील नोंदी पाहाव्यात. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक सैनिकांची स्मृती जपलेली आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात ज्यांच्यावर दहनसंस्कार झाले अशा सहाशेहून अधिक सैनिकांसाठी एल् अलामीनला वेगळे स्मारक आहे. केवळ नाव शोधून भागणार नाही, कारण लिहिणाऱ्या कारकुनांनी मराठी नावे कानाला ऐकू आली तशी इंग्रजीत उतरवली आणि आडनाव बहुधा गाळले. पलटणीचा क्रमांक, वडिलांचे नाव, गाव आणि तालुका हे तपशील त्यामुळे अधिक उपयोगी पडतात. घरात पेन्शनचा कागद, पदक किंवा मृत सैनिकाच्या कुटुंबाला दिलेले कांस्याचे स्मृतिचक्र असेल तर तेही पाहावे. पदकाच्या कडेवर बहुतेकदा सैनिकाचा क्रमांक आणि पलटण कोरलेली असते.