ध्रुवावरच्या अंधारात इलेक्ट्रॉन कुठून येतात?

प्रश्न: आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा सुटे इलेक्ट्रॉन असलेला वरचा थर, सूर्यप्रकाशामुळे बनतो म्हणतात, मग हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर सूर्यच नसतो तेव्हा तिथे इलेक्ट्रॉन संपतात का?

उत्तर: अजिबात नाही! कमी होतात, पण मधूनमधून दाट ढगांसारखे गठ्ठे येतात, 100 ते 1000 किमी रुंद आणि आजूबाजूपेक्षा निदान दुप्पट दाट, आणि हा माल तिथला नसतोच. सौरवाऱ्याचं, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या भारित कणांच्या झोताचं, चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं की दिवसाच्या बाजूचा प्लाझ्मा (सुटे इलेक्ट्रॉन आणि भारित अणू-रेणू, म्हणजे आयन, यांचं मिश्रण) ध्रुवावरून रात्रीच्या बाजूला ओढला जातो, सेकंदाला कित्येकशे मीटर वेगाने. 300 किमीच्या आसपास हवा इतकी विरळ की इलेक्ट्रॉन-आयन परत एकत्र यायला तास न् तास लागतात, तोवर गठ्ठा पलीकडे पोचलेला असतो. खाली, 100-150 किमीवर प्रकार वेगळा, तिथे ऑरोराचे (ध्रुवीय प्रकाशाचे) कणच वरून आदळून नवे इलेक्ट्रॉन सुटे करतात.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आयस्कॅट या संशोधन संस्थेचा रडार आहे, त्याच्या 32 आणि 42 मीटरच्या डिश हे सगळं मोजतात. खरा ताप गठ्ठ्यांच्या कडांचा हो, तिथे घनता एवढी खडबडीत असते की जीपीएसचा सिग्नल लुकलुकतो, कधी तुटतोही, आणि ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांचा एचएफ (लांब पल्ल्याचा शॉर्टवेव्ह) रेडिओ पण गडबडतो.