वाचकांचे प्रश्न : तंबोरा, कॉर्ड आणि फ्रेमचा हिशेब

प्रश्न : आम्ही सांगलीत एक छोटा चित्रपट करतोय. त्यात विरहाचं, पॉप अंगाचं गाणं आहे. पट्टी पांढरी सहा, म्हणजे षड्ज ए या सुरावर. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) ए मायनर, एफ, सी, जी, प्रत्येकी एक बार (चार मात्रांचा गट). मिरजेचा खरा तंबोरा वाजवला, तरी मुखडा गढूळ लागतो आणि गायिका रडवेली वाटते. बिघडतंय कुठे?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तंबोरा सतत चालू आहे, घोळ तिथे आहे. या पट्टीत तो ए (षड्ज) आणि ई (पंचम) धरून बसतो. ए मायनरवर हे दोन्ही घरचेच. एफवर ई आला की मेजर सेव्हन, म्हणजे जरा टोचणारा कॉर्ड होतो. ती बोच अशा गाण्याला हवीच. सीवर ए गोड लागतो. जी कॉर्डवर मात्र दोन्ही परके, आणि गढूळपणा त्याच बारमध्ये आहे. म्हणून तंबोरा सुरुवातीच्या आणि शेवटच्या चार-चार बारांपुरता ठेवा, आणि तिथे ए मायनर बदलू नका. मुखड्यात हवाच असेल तर पंचमाची तार सोडून नुसती जोडी (षड्जाच्या मधल्या दोन तारा) आणि खर्ज (खालच्या षड्जाची तार) छेडा. जी कॉर्डवर एकटा ए खपून जातो.

तंबोरा पेटीवर (हार्मोनियमवर) मिळवू नका, पेट्या बऱ्याचदा कीबोर्डशी जुळत नाहीत. ट्यूनर ए = ४४० हर्ट्झला ठेवून जोडी २२० हर्ट्झ, खर्ज ११०. सलग तीन-चार मिनिटं रेकॉर्ड करा. छोटा तुकडा लूप केला की जवारीचा (तारांखालच्या घोडीमुळे येणारा) झंकार मध्येच कापला जातो.

रडवेलेपणा बहुधा चालीतला. मुखडाच तार सप्तकात उघडला तर अंतऱ्याला चढायला जागा उरत नाही. मुखडा मंद्र पंचम ते मध्य पंचम एवढ्यात बसवा, तार षड्ज अंतऱ्यात एकदाच. ओळीगणिक हुंदका नको. माइक तोंडापासून वीतभर, रिव्हर्बला (घुमाऱ्याला) ३०-४० मिलिसेकंद प्री-डिले, म्हणजे तो उशिरा सुरू होतो, म्हणजे शब्द बुडत नाहीत.

प्रश्न : दृश्य १ मिनिट २० सेकंदांचं आहे. लय किती ठेवावी? शिवाय आधीचं एक गाणं एडिटमध्ये ओठांच्या पुढे पळतंय.
– एक वाचक, कराड

उत्तर : ७२ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ७२ मात्रा. २४ फ्रेमच्या चित्रात एक मात्रा बरोबर २० फ्रेमची होते, चार मात्रांचा बार ८० फ्रेमचा, आणि दृश्य २४ बारांत संपतं : ४ सुरावट, ८ मुखडा, ८ अंतरा, ४ शेवट. ७० घेतलंत तर मात्रा २०.५७ फ्रेमची, मग कट ठेक्यावर पडत नाही.

पळणाऱ्या गाण्याचा आधी सूर तपासा. तो साधारण दीड सेमीटोन (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक) चढला असेल, तर ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची फाइल ४८ ची समजून वाचली गेलीय. ४८ ला रीतसर रूपांतर करून पुन्हा द्या. सूर जागेवर आणि शेवटी दोनेक फ्रेमचाच फरक असेल, तर चित्रीकरण सेकंदाला २४ फ्रेमला आणि एडिटची टाइमलाइन २३.९७६ ला असणार. दोन्ही २४ ला आणा. फाइल देताना गाण्याच्या बरोबर ४८ फ्रेम आधी एका फ्रेमचा १ किलोहर्ट्झचा ‘पिप’ ठेवा, एडिटरला जुळवायला तेवढा पुरतो.