एमबीए केल्याने परदेशी बाजाराची तयारी होते का?

प्रश्न : मी यांत्रिकी अभियंता असून वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या गुणवत्ता विभागात सहा वर्षांपासून काम करतो. आमचा माल जर्मनीला जातो. नोकरी सोडून ‘आंतरराष्ट्रीय व्यवसाय’ या विषयात एमबीए करावे, असा घरच्यांचा आग्रह आहे. व्यवस्थापन महाविद्यालयांत जागतिक बाजारपेठेची खरोखर तयारी करून घेतात, की नुसती पदवी हाती पडते?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोन्ही घडते, आणि त्यांपैकी आपल्या वाट्याला काय येणार हे माहितीपत्रकावरून कळत नाही, कारण ‘ग्लोबल’ हा शब्द छापायला कोणालाच वेगळा खर्च येत नाही. त्यापेक्षा तेथील दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि निर्यातीचे दरपत्रक त्याने स्वतः कधी तयार केले आहे का, एवढेच विचारा.

हाच प्रश्न का, ते तुमच्याच मालावरून सांगतो. भाव ‘एफओबी न्हावा शेवा’ असा दिला, तर माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च तुमच्या कारखान्याचा आणि पुढचे जहाजभाडे खरेदीदाराचे. ‘सीआयएफ हॅम्बुर्ग’ म्हटले, तर हॅम्बुर्गपर्यंतचे भाडे आणि विमा तुम्ही भरायचा. पण वाटेत मालाची हानी झाली तर जोखीम मात्र खरेदीदाराची, कारण ती न्हावा शेवालाच, माल जहाजावर चढताक्षणी, त्याच्याकडे गेलेली असते. भाडे एकाने भरायचे आणि जोखीम दुसऱ्याने वाहायची, हे व्याख्या पाठ करून डोक्यात शिरत नाही. एकाच ऑर्डरचे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडायला लावणारा प्राध्यापक भेटला, तरच ते कायमचे कळते.

बँकेच्या पतपत्राचेही (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रे दिल्यास पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी) तसेच आहे. मालातला मायक्रॉनचा फरक पकडणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण पतपत्रावर पैसे देणारी बँक माल पाहतच नाही, फक्त कागदपत्रे पाहते. माल निर्दोष असूनही बीजकातले वर्णन पतपत्राशी जुळले नाही, तर पैसे अडकू शकतात. चांगल्या वर्गात अशा चुका मुद्दाम पेरलेली कागदपत्रे विद्यार्थ्यांपुढे टाकून त्या शोधायला लावतात.

प्रत्यक्ष घडलेले व्यावसायिक प्रसंग वर्गात चर्चेला घेण्याची पद्धत हार्वर्डने रूढ केली, आणि 1961 साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने ती आपल्याकडे रुजवली. पद्धत उत्तमच आहे. मात्र जालन्याच्या बियाणे कंपन्या आणि लातूरचा सोयाबीन बाजार हाकेच्या अंतरावर असताना आपल्याकडील मुलांनी केवळ अमेरिकी कंपन्यांचेच प्रसंग चघळावेत, हे मला पटत नाही.

नोकरी मात्र सोडू नका. सहा वर्षांचा अनुभव ही तुमची मोठी जमेची बाजू आहे, आणि शनिवार-रविवारी किंवा ऑनलाइन चालणारे अभ्यासक्रम नोकरदारांसाठीच असतात. त्याआधी वरिष्ठांची परवानगी काढून आठवडाभर तुमच्याच कारखान्याच्या निर्यात विभागात बसा. तेथील कागद वाचताना कंटाळा आला, तर दोन वर्षांचे शुल्क वाचले असे समजा.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. परदेशी ग्राहकांशी बोलणे मला जमेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : जमेल. तुमच्याशी बोलणाऱ्या जर्मन किंवा जपानी खरेदीदाराचीही इंग्रजी ही मातृभाषा नसते, त्यामुळे छोटी वाक्ये त्यालाही सोयीची पडतात. फोनवर जे ठरले ते त्याच दिवशी चार ओळींच्या ईमेलने कळवण्याची सवय लावा. त्या चार ओळींत संख्या, तारीख आणि भाव हे तिन्ही असायलाच हवेत. आणि जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा, तर हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. फोन त्या बेताने लावा.