दोन टॉवर स्पीकर, दीड लाखाचा रिसीव्हर आणि कार्डावरचे सव्वा लाख

कांदिवलीच्या एका वाचकाचं पत्र आलंय, लांबलचक आहे म्हणून मुद्द्याचं तेवढं सांगतो. वय ३९, हातात पगार १ लाख १५ हजार, होम लोन ५८ लाख बाकी, हप्ता ५२ हजार, दर साडेआठ टक्के. मिसेस घरीच ट्युशन घेतात, मुलगी तिसरीत. मित्राकडून सेकंडहँड टॉवर स्पीकरची जोडी घेतलीये आणि आता ते चालवायला होम थिएटरचा रिसीव्हर हवाय. लॅमिंग्टन रोडवर दोन दाखवले, एक ६५ हजारांचा ८० वॉटवाला आणि एक दीड लाखाचा ११० वॉटवाला. दुकानदार म्हणतो टॉवर आहेत, छोटा घेतलात तर आवाजात जीवच येणार नाही. मोठा घेतला तर १२ महिने नो कॉस्ट ईएमआय, फक्त तेव्हा किंमत १ लाख ६० हजार. प्रश्न एवढाच, की मोठा घ्यावा का, कारण "पॉलिसीचे पैसे २०३५ पासून येणारच आहेत आणि एफडी मोडायची नाहीये".

आधी रिसीव्हरचं उरकून टाकतो. तुम्ही लिहिलंय स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९० डेसिबल, ६ ओहम, हॉल १० बाय १४, सोफा आठ फुटांवर. म्हणजे एका वॉटला एक मीटरवर ९० डेसिबल, सोफ्यापर्यंत येता येता सहा-सात कमी, दोन स्पीकर वाजतात म्हणून तीन वाढवा, झाले ८६. एका वॉटमध्ये! दहा वॉट दिले की ९६, आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवायला आलेले असतील, रात्री दहानंतर तर नियमात रहिवासी भागाला ४५ डेसिबलच आहेत. आता ८० वॉट आणि ११० वॉटमधला फरक किती, तर दीड डेसिबलसुद्धा नाही. वॉट दुप्पट केले तर ३ डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. म्हणजे ८५ हजार जास्त देऊन तुम्ही जो फरक विकत घेणार तो तुम्हाला जेमतेमच ऐकू येईल. आणि खोक्यावरचे मोठे आकडे तर सोडूनच द्या, ते बऱ्याचदा एकच चॅनल चालू ठेवून, ६ ओहमला, १० टक्के डिस्टॉर्शनपर्यंत, म्हणजे आवाज फाटेपर्यंत, पिळून काढलेले असतात. बघायचा आकडा म्हणजे ८ ओहमला, दोन चॅनल चालू असताना, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ.

मोठा रिसीव्हर कुणी घ्यावा तर ज्याचे स्पीकर ४ ओहमचे, म्हणजे जास्त करंट ओढणारे, आणि सेन्सिटिव्हिटी ८४-८५ आहे, हॉल मोठा आहे, किंवा ज्याला छतावर चार स्पीकर टांगून ॲटमॉस, म्हणजे वरूनही येणारा आवाज, करायचंय. तुमच्याकडे आहेत दोन टॉवर, सेंटर आणि सराउंड "पुढे बघू". दोन स्पीकरला मोठ्या रिसीव्हरचे नऊ चॅनल कशाला हो? ६५ हजारवाला भरपूर झाला, पुढे सबवूफर घेतलात की ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर लावा, खालचा सगळा भार सबवर जातो आणि रिसीव्हर आरामात चालतो. बंद टीव्ही युनिटमध्ये कोंबू नका, तापतो. आणि कंपनीच्या बिलाशिवाय घेऊ नका, कितीही स्वस्त सांगितला तरी. नो कॉस्टचं म्हणाल तर रोख दीड आणि ईएमआयला १ लाख ६०, हे दहा हजार म्हणजे व्याजच, वर्षाला १२ टक्क्यांच्या आसपास पडतं. शून्य टक्केवाल्या स्कीमवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच आक्षेप घेतला होता, तेव्हापासून नाव बदललं, व्याज कुठेतरी आत असतंच.

आता ते वाक्य, जे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत. "मार्चचा पॉलिसीचा हप्ता कार्डवर टाकला होता, दिवाळी बोनसमधून थोडे भरले, अजून सव्वा लाख आहेत पण मिनिमम वेळेवर भरतो." हे वाचून मी रिसीव्हर बाजूलाच ठेवला.

तुमच्या स्टेटमेंटच्या फोटोत मिनिमम ड्यू ६,२५० दिसतंय. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे सव्वा लाखावर ४,४०० च्या आत-बाहेर, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ५,२०० धरा. तुम्ही सव्वासहा हजार भरता त्यातले सव्वापाच हजार व्याजात जातात आणि मुद्दल हजाराने कमी होतं. वर्षाला ६२ हजार! दर वर्षी एक रिसीव्हर तुम्ही कार्डवाल्या बँकेला फुकट देताय आणि मला विचारताय छोटा घेऊ का मोठा. "वेळेवर भरतो" याचा अभिमान बाळगू नका, मिनिमम भरल्याने फक्त लेट फी वाचते, व्याज पूर्ण लागतं, आणि बाकी शिल्लक असेपर्यंत नवीन खरेदीला ते चाळीस-पन्नास दिवसांचं बिनव्याजी सुखही मिळत नाही. याच कार्डवर अजून १३ हजारांचा ईएमआय चढवणार होतात.

एफडी २ लाखांची आहे ना, मोडा. उद्याच. इमर्जन्सीसाठी आहे म्हणता, तर ४० टक्क्यांच्या वर व्याज चालू असणं हीच इमर्जन्सी आहे, एफडी मोडल्याचा एक टक्का दंड बसला तरी बसू दे. सव्वा लाख कार्डला, उरले ७५ हजार, ते तसेच ठेवा.

पण कार्डवर हप्ता टाकायची वेळ का आली, तर ती पॉलिसी. २०२३ च्या मार्चमध्ये, टॅक्स वाचवायच्या घाईत, बँकेच्या आरएमने, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजरने, दिली. दरवर्षी २ लाख, दहा वर्षं, आणि २०३५ पासून दहा वर्षं ३ लाख ६० हजार. तुम्ही लिहिलंत "२० लाखांचे ३६ लाख, म्हणजे ८० टक्के रिटर्न, गॅरंटीड". आरएमने छापील तक्त्यावर ३६ लाखांना पेनाने गोल केलाय, फोटोत दिसतोय. हा गोल म्हणजे खोक्यावरचे ते १० टक्के डिस्टॉर्शनवाले वॉट. नीट बघा, २०२३ ला भरलेल्या दोनाचे ३.६ मिळतात २०३५ ला, २०२४ च्या दोनाचे २०३६ ला, प्रत्येक हप्ता बरोबर बारा वर्षांनी परत येतोय. बारा वर्षांत दुप्पट व्हायला ७२ भागिले १२, सहा टक्के लागतात, इथे दुप्पटही होत नाहीयेत, म्हणजे पाच टक्के. साडेआठ टक्क्यांचं होम लोन डोक्यावर असताना पाच टक्क्यांची गुंतवणूक, आणि तिचा हप्ता भरायला ४० टक्क्यांचं कर्ज. पीपीएफला ७.१ मिळतात, त्या दराने २ लाख बारा वर्षांत साडेचारच्या वर जातात (तिथे वर्षाला दीड लाखच भरता येतात, तो भाग वेगळा) आणि त्याला आरएम लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल मग सरेंडर करतो, म्हणजे पॉलिसी मोडून मिळतील ते पैसे घेतो. थांबा, इथे बरेच जण रागाच्या भरात दुसरी चूक करतात. तीन हप्ते म्हणजे ६ लाख गेलेत, तुमच्या जुन्या नियमाच्या पॉलिसीत तिसऱ्या वर्षात गॅरंटीड सरेंडर ३५ टक्के, हातात २ लाख १० हजार. कंपनी स्पेशल सरेंडर व्हॅल्यू म्हणून थोडं जास्त देऊ शकते, ते विचारा. पण पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि पॉलिसी तशीच ठेवली, तर दहापैकी तीन हप्ते भरले म्हणून साधारण ३० टक्के फायदा राहतो, ३.६ चे १ लाख ८ हजार, दहा वर्षं, २०३५ पासूनच. आजचे २.१ सोडून पुढचे १० लाख ८० हजार, हे वर्षाला १३ टक्क्यांच्या आसपास पडतं. तेवढं कोण देणार आहे? म्हणून सरेंडर नको. आणि चालूच ठेवली तर पुढच्या सात हप्त्यांच्या १४ लाखांवर तुम्हाला पेड-अपच्या वर मिळतात दरवर्षी २ लाख ५२ हजार, ते हिशेबाला सहा टक्क्यांच्याही आत येतं. त्यापेक्षा होम लोनमध्ये भरलेले बरे. तर पेड-अप. फक्त काही कंपन्या पेड-अपला ३० टक्क्यांपेक्षा कमी देतात, म्हणून विमा कंपनीच्या शाखेत जाऊन सरेंडरचा आकडा आणि पेड-अपचा आकडा दोन्ही लेखी घ्या. बँकेत नाही, विमा कंपनीत. आणि ३० ऐवजी कागदावर १५ निघाले तर मला परत लिहा, मग हे गणित बदलतं.

आणि ज्याच्यावर तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत ते, विमा. पॉलिसीत कव्हर २० लाखांचं आहे आणि तुम्हाला वाटतंय विमा झाला. ५८ लाखांचं कर्ज, आणि घर मुख्यतः एकाच पगारावर. उद्या काही झालं तर वहिनींनी २० लाख भरून उरलेल्या ३८ चं काय करायचं, ट्युशनमधून फेडायचे? दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त विमा, गुंतवणूक नाही, असा घ्या, साठीपर्यंत, तुमच्या वयाला सिगरेट नसेल तर वर्षाला २५ ते ३० हजार पडावेत, सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही गेलाय. फॉर्म भरताना एमडब्ल्यूपी (मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी) कायद्याखाली घ्यायचा पर्याय असतो, १८७४ चा कायदा आहे, त्यावर टिक केलीत की ते पैसे बायको-मुलीचेच, कर्ज देणारे त्यावर हात टाकू शकत नाहीत. आणि हो, बीपीची गोळी चालू असेल तर लिहा, लपवू नका. मी असं म्हणायचं कारण, तुम्ही पत्रात "डॉक्टरने ताण कमी करायला सांगितलंय" लिहिलंय.

क्रम मात्र चुकवू नका. टर्म हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी थांबवायची नाही, कारण पेड-अप झाली की ते २० लाखांचं कव्हरही सहा-सात लाखांवर येतं. आत्ता अर्ज केलात तर मेडिकल वगैरे धरून मार्चच्या आत होऊन जाईल, हप्त्याला वर ३० दिवसांचा ग्रेसही आहे. या मार्चचे वाचलेले २ लाख, त्यातून टर्मचा प्रीमियम जाऊन उरतील ते ७५ हजारांत टाका, अडीच लाखांच्या जवळ जाल, घरखर्च आणि हप्ता धरून दोन-तीन महिने निघतात. रिसीव्हरचे पैसे कुठून, तर कार्डाला जाणारे सव्वासहा हजार दर महिन्याला वेगळे टाका, वर्षाच्या आत ६५ होतात, रोखीने घ्या आणि रोखीचा डिस्काउंट मागा. तोपर्यंत सेकंडहँड स्टिरिओ ॲम्प दहा हजारांत मिळेल, दोन टॉवरला तोच लागतो.

एक राहिलंच, फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर एक टक्का उतरला तरी तुमचा होम लोनचा दर अजून साडेआठ कसा? जुनं एमसीएलआरवालं असणार, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या दराचं. बँकेत जाऊन रेपो लिंक्ड करून द्या म्हणून अर्ज करा, थोडी फी लागेल, पण ५८ लाखांवर एक टक्का म्हणजे पहिल्या वर्षालाच ५५ हजारांच्या वर व्याज.

मार्चमध्ये आरएमचा फोन येईलच, "सर पॉलिसी लॅप्स होईल, सगळे पैसे बुडतील". तीन हप्ते भरलेली पॉलिसी लॅप्स होत नाही, पेड-अप होते, आणि मन बदललं तर पाच वर्षांत परत चालूही करता येते. तो जे सांगेल ते ईमेलवर लिहून मागा. आणि हे कार्डाचं वहिनींना माहीत नाहीये असं पत्रावरून वाटतंय, टर्मच्या फॉर्मवर लाभार्थी म्हणून त्यांचं नाव लिहाल तेव्हा स्टेटमेंटही दाखवा.