टप गळतो, डीलर हात झटकतो

प्रश्न : वकीलताई, मी नाशिकला राहतो. यंदा फेब्रुवारीत पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून 2016 सालची, कापडी टपाची जर्मन कन्व्हर्टिबल 24 लाखांना घेतली. जाहिरातीत ‘सॉफ्ट टॉप शंभर टक्के चालू, कुठेही लीकेज नाही’ असं लिहिलं होतं. डीलरने टप उघड-बंद करतानाचा व्हिडिओही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. जूनमध्ये इगतपुरीला गेलो तेव्हा डाव्या सीटच्या पायाशी आणि डिकीत पाणी साचलं. आता टप अर्ध्यावर थांबतो, मोटरचा आवाज येतो पण पुढे सरकत नाही. मागच्या काचेची कडही कापडापासून सुटली आहे. कंपनीच्या वर्कशॉपने पूर्ण टप बदलायचं साडेसहा लाखांचं एस्टिमेट दिलं. डीलर म्हणतो, ‘तुम्ही आहे तशी गाडी घेतल्याची सही केलीय, वॉरंटी फक्त इंजिन-गिअरबॉक्सची, आणि मी तर मध्यस्थ.’ वर्कशॉपमधला एक जण म्हणतो की गाडी पुरात सापडली असं सांगून विम्याचा क्लेम टाका. गाडीच्या मॅन्युअलच्या पाकिटात मला आधीच्या मालकाच्या वेळचं, गेल्या वर्षीच्या मार्चमधलं जॉब कार्ड सापडलं. त्यावर ‘टप अर्ध्यावर थांबतो, हायड्रॉलिक गळती, ग्राहकाने दुरुस्ती नाकारली’ अशी नोंद आहे. मी काय करू? तोवर कर्जाचे हप्ते थांबवू का?

उत्तर : सगळ्यात आधी दोन गोष्टींना स्पष्ट नाही म्हणते. हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा आहे. टप गळतो हे बँकेला दिलेलं उत्तर होऊ शकत नाही, उलट थकबाकीदार म्हणून नोंद होईल आणि गाडी जप्तीपर्यंत गोष्ट जाईल. दुसरं, पुराचा क्लेम अजिबात टाकू नका. खोटं कारण सांगून विम्याचे पैसे मागणं ही फसवणूक आहे, आणि तुमची बाजूही त्याने कायमची संपेल. एकदा विमा कंपनीला ‘पुराचं पाणी’ असं लिहून दिलंत की ग्राहक आयोगात ‘टपातून गळलेलं पाणी’ म्हणताना डीलरचा वकील तोच कागद तुमच्यासमोर धरेल. खरं कारण सांगून क्लेम टाकला तरी फारसा उपयोग नाही, कारण मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक-विद्युत बिघाड वगळलेले असतात.

आता तिसरी गोष्ट, जी मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगते आहे : ते साडेसहा लाखांचं काम लगेच सुरू करू नका. माझ्याकडे पूर्वी असंच एक प्रकरण आलं होतं. लोणावळ्याच्या वाटेवर टप अर्ध्यावर अडकला, पाऊस आला, आणि वाटेतल्या गॅरेजमध्ये चौघांनी मिळून तो हाताने ओढून बंद केला. त्यात टपाच्या सांगाड्याची पट्टी वाकली. मूळ बिघाड पंपाचा होता की त्या ओढाताणीचा, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही आणि तो मुद्दा आम्ही गमावला. टप हाताने बंद करायची रीत गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. त्या रीतीने, जाणत्या माणसाकडूनच तो बंद करून घ्या, गाडी पत्र्याच्या शेडखाली ठेवा आणि आतला ओला गालिचा उचलून वाळवा. त्याआधी फोटो मात्र काढा. नुकसान वाढू न देणं हे तुमचंही कर्तव्य आहे. गाडी उघड्यावर भिजत ठेवलीत तर पुढचं नुकसान तुमच्याच अंगावर टाकलं जाईल.

तुम्ही हे सगळं टपाचा एकच बिघाड म्हणून मांडलंय, पण मला त्यात तीन वेगळे बिघाड दिसतात. कायद्याच्या दृष्टीने तिघांचं वजन वेगळं आहे, म्हणून ते सुटे करू.

पाण्याचं आधी. कापडी टपाच्या गाडीत पाणी कापडातून गळण्यापेक्षा बहुतेक वेळा दुसरीकडून आत येतं. टप जिथे घडी होऊन बसतो त्या खाचेतलं पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यात झाडाचा पाला आणि माती साचली की पाणी तुंबतं आणि आतल्या बाजूला, गालिच्याखाली उतरतं. दुसरी जागा म्हणजे काचेला चिकटून बसणारी रबरं. ती वाळली, चपटी झाली की कोपऱ्यातून धार लागते. नळ्या साफ करणं, रबरांना सिलिकॉन ग्रीस लावणं किंवा ती बदलणं ही काही लाखांची कामं नव्हेत. डीलर म्हणेल, नळ्या तुमच्या हाती तुंबल्या. त्यावरचं उत्तर गाडीतच आहे. गालिचा उचलल्यावर सीट ज्या लोखंडी पट्ट्यांवर सरकते त्या पाहा, फोमचा वास घ्या, बुरशीचे जुने डाग शोधा. फेब्रुवारी ते मे नाशिकमध्ये गाडी कोरडी होती. त्या चार महिन्यांत पट्ट्यांवर गंजाचे थर चढत नाहीत. जुना गंज म्हणजे आधीच्या पावसाळ्यांची साक्ष.

टप अर्ध्यावर थांबणं हा तुमच्या प्रकरणाचा कणा आहे. पंप चालल्याचा आवाज येतो आणि टप हलत नाही, म्हणजे संशय हायड्रॉलिककडे जातो : टाकीतलं तेल कमी झालंय किंवा टप उचलणाऱ्या सिलिंडरमधून ते गळतंय. टपाच्या आतल्या अस्तरावर किंवा डिकीच्या कडेला तेलकट डाग दिसले तर फोटो घ्या. मात्र याच लक्षणाची साधी कारणंही असतात, ती आधी बाद करा : बॅटरीचा दाब कमी असणं, डिकीतला सामानाचा पडदा जागेवर नसणं (बऱ्याच गाड्या तो नसला तर टप उघडूच देत नाहीत), किंवा खटका नीट बसल्याचं सांगणारा एखादा सेन्सर बिघडणं. यातलं काही निघालं तर काम थोडक्यात भागेल आणि तुमचं भांडणही तेवढंच लहान होईल. ‘पूर्ण टप बदला’ हा सल्ला मला घाईचा वाटतो. सिलिंडर आणि त्याची सीलं वेगळी दुरुस्त करणारे कारागीर आहेत. दुसरं एस्टिमेट घ्याच, कारण आयोग पहिला प्रश्न हाच विचारेल की एवढा खर्च खरोखर गरजेचा होता का.

काचेच्या कडेबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. उन्हाने आणि वयाने डिंक सुटतो, ते जुन्या गाडीचं वयपरत्वे येणारं दुखणं आहे. शिवाय 1930 च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम 16 असं सांगतं की खरेदीआधी तुम्ही वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवा होता अशा दोषाची जबाबदारी विक्रेत्यावर येत नाही. कड तेव्हाच सुटलेली असेल तर ती डोळ्यांना दिसत होती. हा खर्च मागा, पण त्याच्यावर प्रकरण उभं करू नका.

याच कलमाची दुसरी बाजू तुमच्या उपयोगाची आहे. फेब्रुवारीतल्या कोरड्या हवेत, साध्या चाचणी-फेरीत पाणी गळतंय हे कळायला मार्ग नव्हता. तेल हळूहळू कमी होत जाणारा सिलिंडर एकदोन वेळा टप उघडूही शकतो, म्हणूनच व्हिडिओत तो उघडलेला दिसला. हे लपलेले दोष आहेत.

‘आहे तशी घेतली’ या सहीला मी हलकं समजत नाही. दोन्ही बाजूंनी मान्य केलं तर कायद्याने गृहीत धरलेल्या अटी बाजूला ठेवता येतात, हे खरं आहे. पण इथे डीलरने स्वतःहून, लेखी, ठोस शब्दांत ‘लीकेज नाही’ असं सांगून गाडी विकली. मालाच्या दर्जाबद्दल खोटं विधान करणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि शेवटच्या कागदावरच्या एका छापील ओळीने ते विधान पुसलं जात नाही. इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीचंही तसंच : वॉरंटी मर्यादित असली म्हणून जाहिरातीतलं वचन मर्यादित होत नाही. एक खबरदारी घ्या. तक्रारीत ‘हा करारच अनुचित आहे’ असा मुद्दा मुख्य करू नका. अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगाला ऐकता येत नाहीत, त्या राज्य आयोगाकडे जातात. तुमचं प्रकरण दोष आणि खोट्या विधानावर उभं राहतं, तेवढं पुरेसं आहे.

‘मी मध्यस्थ’ हे पालुपद मी फार ऐकलंय. गाडीची मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर जुन्या मालकाची सही असते, नाव थेट त्याच्याकडून तुमच्याकडे येतं, आणि डीलर त्या दोघांमधून निसटायला बघतो. म्हणून चार गोष्टी शोधा. 24 लाख कुणाच्या खात्यात गेले? बिल किंवा पावती कुणाच्या नावाने आहे? त्या बिलावर जीएसटी गाडीच्या विक्रीवर लावलाय की फक्त कमिशनवर? आणि 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, गाडी ताब्यात आल्याची सूचना द्यावी लागते आणि ती त्याच्या ताब्यात असेपर्यंत तोच मालक मानला जातो. अशी सूचना दिली होती का, ते तपासा. पैसे त्याच्या खात्यात आणि बिल त्याचं असेल तर मध्यस्थपणाचा बचाव टिकणं कठीण आहे.

जॉब कार्डाबद्दल मोह आवरा. त्यावरून बिघाड जुना आहे हे सिद्ध होतं, पण डीलरला तो माहीत होता हे आपोआप सिद्ध होत नाही. सुदैवाने दोषाबद्दलच्या तक्रारीत त्याला ठाऊक असणं दाखवावं लागत नाही, फसवणुकीचा आरोप करायचा असेल तरच लागतं. तक्रारीत दोष आणि खोटं विधान पुढे ठेवा, लपवाछपवी पर्यायी म्हणून मांडा. ते जॉब कार्ड बनवणाऱ्या वर्कशॉपला लेखी पत्र देऊन गाडीचा सर्व्हिस इतिहास मागा. दिला नाही तर तो मागवण्यासाठी आयोगाकडे अर्ज करता येतो.

गाडी बनवणाऱ्या कंपनीला पक्षकार करायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कुणीतरी सुचवेलच. माझं मत नको असं आहे. कंपनीची वॉरंटी कधीच संपली. शिवाय 2021 मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्धचा आदेश रद्द केला. कंपनी आणि डीलर यांचं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं असेल आणि डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती असल्याचं दिसत नसेल, तर ते कंपनीच्या माथी मारता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. तुमचा डीलर तर कंपनीचाही नाही. मोठं नाव घातलं की प्रकरण वजनदार होतं हा गैरसमज आहे. त्याने फक्त तारखा वाढतात.

आता प्रत्यक्ष कामाचं. जाहिरात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण आजच जतन करा. जाहिराती काढून टाकल्या जातात. मूळ फोन जपा, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र त्यासोबत जोडायचं आहे. मग डीलरला स्पीड पोस्टाने नोटीस द्या : अमुक तारखेला, अमुक जागी तज्ज्ञाकडून टपाची तपासणी होणार आहे, हजर राहा. सात-आठ दिवसांची मुदत द्या. तज्ज्ञ म्हणून परवानाधारक मोटार सर्व्हेअर किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातला ऑटोमोबाईलचा प्राध्यापक चालेल, फक्त तो दुरुस्तीचं काम घेणारा नको. डीलर आला नाही तर त्याच्या गैरहजेरीत तपासणी करा आणि ती सलग चित्रित करा. अहवालात काय बिघडलं यापेक्षा का आणि केव्हापासून बिघडलं हे आलं पाहिजे. त्यानंतर दुरुस्ती खुशाल करून घ्या, पण काढलेला सिलिंडर, पंप, रबरं गोणीत बांधून घरी आणा. आयोगाला वाटलं तर तोच भाग प्रयोगशाळेकडे पाठवता येईल.

तक्रारीसाठी पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही. 2019 च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नाशिक जिल्हा आयोगात. डिलिव्हरी नोटवर ‘फक्त पुण्याचं न्यायक्षेत्र’ असं छापलं असलं तरी कायद्याने दिलेला हा हक्क त्या ओळीने जात नाही. तुम्ही मोजलेली किंमत 50 लाखांच्या आत असल्याने अधिकार जिल्हा आयोगाचाच आहे, आणि 20 ते 50 लाखांच्या टप्प्याला शुल्क 1,000 रुपये आहे. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, काही डीलर तेवढ्यानेच बोलायला तयार होतात. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने म्हटलंय. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ धरून चाला.

मागायचं काय? गाडी परत घ्या आणि 24 लाख द्या, असं तुम्हाला वाटत असणार. तुमची चीड मला समजते. पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या दोषासाठी पूर्ण किंमत परत देणं आयोगांना सहसा पटत नाही. नव्या गाडीच्या बाबतीतही 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीत भाग बदलून देण्याचं वचन असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश देता येत नाही. म्हणून पहिली मागणी दुरुस्तीचा वाजवी खर्च, पाण्याने बिघडलेल्या आतल्या भागाचा आणि वायरिंगचा खर्च, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च अशी ठेवा. तज्ज्ञाने टप दुरुस्त होण्यापलीकडे गेला असं लिहिलं तरच गाडी परत करण्याची मागणी पुढे आणा, आणि तेव्हा बँकेचा बोजा गाडीवर आहे हे तक्रारीत नमूद करा. मुदत दोन वर्षांची आहे. ती जूनपासून धरता येईल असं माझं मत असलं तरी वाद नको म्हणून फेब्रुवारीतल्या खरेदीपासूनच मोजा.

नोटीस गेल्यावर डीलरचा फोन येईल आणि ‘निम्मं निम्मं करू’ असं म्हणेल. रक्कम पटली तर तडजोड जरूर करा, मात्र ती लेखी असू द्या आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय ‘तक्रार उरली नाही’ या कागदावर सही करू नका. तज्ज्ञाचा अहवाल हाती येण्याआधी फोनवर कोणताही आकडा बोलू नका.